दोन दोऱ्यांचा पतंग: काड्यांचा की बिनकाड्यांचा?

मैत्रिणीची मुलं सात आणि अकरा वर्षांची. अलिबागच्या किनाऱ्यावर उडवायला दोन दोऱ्यांचा कसरतीचा पतंग घ्यायचाय, पण काड्यांचा त्रिकोणी डेल्टा की हवेने फुगणारा बिनकाड्यांचा पॅराफॉइल, इथे ती अडली आहे. तिला माझं उत्तर असं.

आधी पडझडीचं बघू, कारण मुलं पतंग आपटणारच. आपल्या कागदी पतंगाची सवय असलेला हात घाबरला की ढील देतो. इथे ढील नसतेच. उजवी दोरी ओढली की पतंग उजवीकडे वळतो, ओढून धरली तर गोल फिरत थेट वाळूत. डेल्टा नाकावर आपटला की फायबरची काडी मोडते किंवा सांध्यातून निसटते. पॅराफॉइल नुसता धप्पकन पडतो. वाळू झटकायची, पुन्हा उडवायचा. समुद्रात पडला तर मात्र हवेच्या कप्प्यांत पाणी भरून जड होतो.

वळणाची मजा डेल्टात जास्त. तो मंद वाऱ्यातही तरंगतो, पॅराफॉइलला फुगायला जरा जोर लागतो. ओढ आकारावर ठरते, म्हणून मुलांसाठी रुंदी दीड मीटरच्या आत ठेव. दोन्ही दोऱ्या अगदी समान लांबीच्या हव्यात. ताणलेली दोरी कापते, त्यामुळे समोर माणसं नकोत.

धाकट्यासाठी आणि पिशवीत कोंबून न्यायला पॅराफॉइल घे. थोरलीला गिरक्या शिकायच्या असतील आणि तू शेजारी उभी राहणार असशील, तर डेल्टा, सोबत दोन जादा काड्या. एकच घ्यायचा तर मी पॅराफॉइल घेईन.