मोहरी २४ इंच

मालवणात भरडावरून बाजारपेठेकडे उतरताना एक टेलर लागतो. दुकानाला पाटी नाही. होती, ती १६ मे २०२१ला तौक्ते वादळात पत्र्यासकट उडाली. पत्रा परत बसला, पाटी काही बसली नाही. "ज्येका येवचा आसा, तो येतलो," एवढंच टेलरकाकांचं उत्तर. म्हणून नावाऐवजी खूण सांगतो. दारात पायमशीन, आत दोरीवर शाळेचे गणवेश, आणि त्या निळ्या-पांढऱ्या रांगेच्या टोकाला जरीचा, टिकल्यांचा, डोळे दिपवणारा एखादा झगा. तो दशावतारी नाटकातल्या राजाचा. काका दशावतारी मंडळींचे कपडे शिवतात. नुसतं पॅन्ट आल्टर करून हवी असेल तर ही माहिती तुमच्या उपयोगाची नाही. मला झाली.

मी इथल्या एका हायस्कुलात क्लार्क आहे, वय ४६. वीस वर्षं फिका शर्ट आणि काळी पॅन्ट. मालवणात नवी चप्पल घेतली तरी रस्त्यात तीन जण किंमत विचारतात, तिथे अंगावर काही भडक घालायचं म्हणजे चार दिवस गावाला विषय पुरवणं. मला कपड्यांची हौस नाही असंच सगळे समजत होते. मीसुद्धा.

बाबा २०१९ला गेले. त्यांची ट्रंक उघडायला मला पाच वर्षं लागली. ते लालबागला गिरणीत होते, गावकीच्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्या अडीच लाख कामगारांतले बाबा पुढच्या वर्षी गावी आले ते कायमचेच. मी तेव्हा चार वर्षांचा. मला आठवतात ते पंच्यावर, उघड्या अंगाने माडाला आळं करणारे बाबा. ट्रंकेत मात्र तळाला दोन बेलबॉटम निघाल्या. एक कॉफी रंगाची, दुसरी मोहरीच्या रंगाची. आणि स्टुडिओतला एक फोटो: हाताची घडी, लांब टोकांच्या डॉग कॉलरचा फुलाफुलांचा शर्ट आणि तीच पिवळी पॅन्ट. गणपतीला या अवतारात एसटीतून उतरणारा चाकरमानी माझा बाप होता, हे मला फोटोने सांगितलं.

कॉफी रंगाची माझ्याच मूर्खपणाने गेली. दुसऱ्या शहरातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या दुकानात फक्त कंबर वाढवायला दिली होती. त्यांनी न विचारता पाय बारीक करून १४ इंचांवर आणले आणि वर हसून म्हणाले, "आता घालण्यासारखी झाली." उरलेलं कापड मागितलं तर ते कचऱ्यात गेलेलं. ती पॅन्ट आता आजची नाही, तेव्हाची नाही. स्कूटर पुसायलाही टेरिकॉट नालायक, पाणीच शोषत नाही.

म्हणून पिवळी घेऊन काकांकडे गेलो तेव्हा आधीच सांगितलं, खाली हात लावायचा नाही. काकांनी पॅन्ट उलटी केली, मागची मधली शिवण बोटांत धरून हलकेच ताणली. तट तट तट करत टाके आपोआप सुटले. माझ्या पोटात गोळा. काका खूश.

"दोरो कुसलो हा, कापड नाय."

मग त्यांनी समजावलं. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत. त्याला आपल्याकडची दमट हवा, बुरशी, कसर फारसं काही करू शकत नाही. बाबांचे नुसते सुती शर्ट त्याच ट्रंकेत कसरीने चाळणी केले होते, खळ घातलेले तर आधी. पण त्या काळचा शिवायचा दोरा सुती. तो पन्नास पावसाळ्यांत कुजला. जुनी पॅन्ट हौसेने घालून लोक बसायला जातात आणि मागून फाटते ती याच कारणाने. कापडाला दोष देतात, दोष दोऱ्याचा. चेनचंही तेच. पितळी दात हिरवे पडले होते, सरकपट्टी गंजून चिकटलेली.

शिवण पूर्ण उघडल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं. बाहेरचं कापड उडून हळदीच्या जुन्या डागासारखं झालेलं. आतली दुमडलेली पट्टी मात्र झणझणीत पिवळी, काल दुकानातून आणल्यासारखी. दोन्ही बाजूंना, शिवणीपुरतं सोडून, सव्वा-सव्वा इंच.

"माया बघ केवढी सोडल्यान हा!"

शिवणीच्या आत सोडतात त्या जादा कापडाला टेलर माया म्हणतात, हे तोवर माझ्या कानावरून कधी गेलंच नव्हतं. रेडीमेडमध्ये ती बहुतेक वेळा अर्धा इंचही नसते, म्हणून रेडीमेड पॅन्ट आपण जाड झालो की संपली. लालबागच्या त्या कोण्या टेलरने ३० कंबरेच्या पोरासाठी अडीच इंच पुढची सोय करून ठेवली होती. माझी कंबर ३४. अडीच इंच मायेतून निघाले, दीड उरला. बाबा माझ्यापेक्षा दोन इंच उंच, त्यामुळे उंचीतून निघालेल्या पट्टीची त्रिकोणी कळी काकांनी मागे पट्ट्याखाली बसवली. शर्ट बाहेर सोडला की दिसत नाही, आत खोचला तरी शोधावी लागते. मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, होती २४, खालून कापल्यावर झाली साडेतेवीस. त्या अर्ध्या इंचाचं काकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी तीनदा सांगितलं. सगळ्या शिवणी पॉलिएस्टर दोऱ्याने नव्याने मारल्या, चेन बदलली, आणि इस्त्रीबद्दल दम दिला: ओलं फडकं वर ठेवून, कमी तापलेली, नाहीतर टेरिकॉटला चकाकी येते आणि ती परत जात नाही. मजुरी ४००. इतक्या कामाला हे फारच कमी, असं मी म्हटलं तर ते म्हणाले की राजाच्या झग्याला याहून जास्त वेळ लागतो.

शर्ट नवा शिवावा लागला. फोटोतल्यासारखी मोठी फुलं पुरुषांच्या कापडात मिळेनात. शेवटी मॅक्सीच्या कापडाच्या काउंटरवर सापडली, जांभळ्यावर नारिंगी. दुकानदाराने मीटर टाकता टाकता विचारलं, "वहिनींसाठी काय?" मी हो म्हणून टाकलं. एवढंच माझं धैर्य होतं तेव्हा. कॉलरचं टोक काकांनी फोटो बघून चार इंच काढलं, आत जाड बक्रम घातलं. शिलाई ४५०. बटणं मात्र त्यांनी साधी पांढरी लावली. मी मागून मोठी तपकिरी आणून घरी बदलली.

आता ज्यासाठी हा एवढा मजकूर लिहायला बसलो ते. ट्रायलला पडद्यामागे कपडे बदलले, आरशात बघितलं, पाच सेकंदांत उतरवायला लागलो. पडद्याबाहेर माझी काळी पॅन्ट होती, ती नव्हती. काका ती मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवून स्वतः समोर बसले होते.

"हयसून घालूनच भायर जावचा. चाय पिवन ये, मगे तुझी पॅन्ट गावतली."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. काका काज करत राहिले. मान वर न करता म्हणाले, "राणी होता तो माणूस पडद्याआड बिडी ओढता, मगे येवन बाकड्यार बसता. कोण हसता? तुका पॅन्टीची लाज वाटता, झिला?"

ज्यांनी दहीकाला म्हणजे दशावताराचा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, देवळापुढे रात्रभर नाटक चालतं, साधं लाकडी बाकडं हेच सिंहासन. राणी येऊन त्यावर बसली की समोरची अख्खी वाडी तिला राणी मानते. सकाळी तीच राणी तुमच्या शेजारी एसटीत पेंगत असते.

चहाची टपरी दुकानापासून साठ पावलांवर असेल. मी मोजली नाहीत, पण पॅन्टीने मोजली. बेलबॉटमला आवाज असतो हे कुणी सांगत नाही. दोन्ही पायांचे घेर एकमेकांना घासून फट फट वाजतात. टपरीवर चौघे होते. एकाने भुवया वर केल्या, एकाने मोबाईल काढला आणि का कोण जाणे परत खिशात ठेवला. टपरीवाल्याने नेहमीसारखं "साखर कमी मा?" विचारलं. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने मात्र घेराकडे बोट दाखवून "किती?" एवढंच विचारलं. साडेतेवीस म्हटल्यावर तो म्हणाला, "माझी सव्वीस होती." मग तो आणि मी वीस मिनिटं बोललो. काळी पॅन्ट न्यायला परत गेलो तेव्हा काका दुकान बंद करून जेवायला गेलेले. त्यामुळे घरापर्यंत तसाच. काकांनी हे मुद्दाम केलं असं माझं ठाम मत आहे, ते नाही म्हणतात.

नंतर दोनदा जेटीवर गेलो, एकदा तुळशीच्या लग्नानंतर एका दहीकाल्याला, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला. हेडमास्तर म्हणाले, केस वाढवा. बस, तेवढंच. जेटीवर समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो आणि तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं की ही घेरदार पॅन्ट मुळात खलाशांची, साठ-सत्तरच्या दशकांत शहरी पोरांनी ती उचलली. म्हणजे आरमाराच्या गावात मी काही अगदीच परका दिसत नसणार. अर्थात ही पळवाट मला घरी आल्यावर सुचली. तिथे उभा असताना फक्त वाऱ्याने घेर फडफडत होता आणि मी तो हाताने दाबत होतो.

तक्रारीही लिहितो, नाहीतर काकांचा भाचा आहे की काय वाटेल. एक, तारीख. सोमवार म्हणाले की गुरुवार धरा, गणपतीच्या आधी महिनाभर गुरुवारही धरू नका. दोन, दुपारी एक ते चार कुलूप, फोन उचलत नाहीत. तीन, "बारीक करा" म्हटलं तर जुना कपडा परत हातात देतात, मी समोर असताना एका कॉलेजच्या पोराला दिला. तो त्याच्याच आजोबांचा होता, शेवटी निर्णय त्या पोराचा. इथे काकांचं मला पटलं नाही. रेशमालाही हात लावत नाहीत, पण ते बरंच आहे. रेशीम घडीवर चिरतं, त्याला वेगळा हात लागतो. आणि बेलबॉटमबद्दल बोलायचं तर मे महिन्यात टेरिकॉट म्हणजे अंगावर प्लास्टिकची पिशवी. डिसेंबर-जानेवारीतच घाला. खाली घेराला आपली लाल माती चिकटते, दोन वेळा घातली की तांबडी किनार तयार.

त्या लोळणाऱ्या घेरावरूनच आई बोलली. पहिल्या दिवशी मी दारात आलो तेव्हा ती सुरमई साफ करत होती. वर बघितलं, परत खाली. खवले काढून झाल्यावर म्हणाली, "बूट खंय? उंच टाचेचे बूट होते तेचे. ते घातल्याशिवाय ती लोळतलीच." म्हणजे बाबा माझ्यापेक्षा दोन इंच उंच होते की नाही, याचीच आता मला खात्री नाही. काकांनी आणखी एक इंच वर घ्यायला साफ नकार दिलाय. चांभार बघ म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी निघालो तर आईने हातात पिशवी दिली. आत मोठ्या ठिपक्यांची नायलॉनची साडी आणि तिच्यावरचा चौकोनी गळ्याचा, फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज, कुशीत उसवलेला. मी म्हटलं, काका लेडीज घेत नाहीत.

"राणीचो ब्लाउज शिवता मा तो? मगे माझो शिवूक काय झाला?"

काकांना तसंच सांगितलं. त्यांनी ब्लाउज उलटा केला, माया बघितली, काही बोलले नाहीत. तारीख सोमवारची दिलीय.