नेत्रशिबिराच्या चिठ्ठीवरचे ‘बारा’

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं. तिथं ‘ड्राय आय’च्या नावाखाली माझ्याकडून ४,८०० रुपये काढले, वर डोळ्यातला दाब वाढला तो वेगळाच. हीच मंडळी आता इचलकरंजी-जयसिंगपूरकडं फिरतायत असं कानावर आलंय, म्हणून ते नेमकं काय करतात ते सविस्तर लिहिते.

मी लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते. दिवसभर डोळे स्क्रीनवर. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायचं, संध्याकाळी लाल व्हायचे, आणि गाडीवरून रंकाळ्याकडं निघालं की वाऱ्यानं घळाघळा पाणी. शिबिरातल्या माणसाला मी विचारलं, “पाणी येतंय की, मग डोळे कोरडे कसे?” तो म्हणाला, “मॅडम, कोरड्या डोळ्यालाच पाणी सुटतं.”

हे खरं आहे. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर लवकर फुटला की उघडा पडलेला भाग टोचायला लागतो आणि डोळा एकदम पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळून जातं. अशी एक गोष्ट खरी निघाली की पुढच्या चार थापा पचून जातात.

पहिली थाप मशीनची. हनुवटी टेकवून आतलं चित्र बघायचं, म्हणजे चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला असतं तेच यंत्र. त्यातून चिठ्ठी निघाली. खाली ‘व्हीडी १२.००’ असं छापलेलं. त्याभोवती लाल पेनानं गोल करून तो म्हणाला, “व्हीडी म्हणजे व्हेरी ड्राय. सहाच्या वर गेलं की धोका, तुमचं बारा आलंय.”

नंतर आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, “तुझ्या चिठ्ठीवर किती हाय गं?” मी म्हटलं, बारा. “आगं, माझ्याबी बाराच. आणि आमच्या ह्यांच्याबी. ह्यांना तर कसलाच त्रास नाही!” व्हीडी म्हणजे डोळा आणि चष्म्याची काच यांच्यातलं अंतर, मिलिमीटरमध्ये. यंत्रात ते आधीच भरून ठेवलेलं असतं. चेष्टाच नुसती.

दुसरी थाप जास्त हुशारीची, कारण त्यातली वस्तू खरी होती. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवतात, ती शिर्मर चाचणी डोळ्यांचे डॉक्टरही करतात. पण पट्टी पाच मिनिटं ठेवायची असते. १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका घ्यायची, ५ पेक्षा कमी म्हणजे पाणी फारच कमी. यांनी अर्ध्या मिनिटात ओढून काढली आणि सगळ्यांना दाखवली, “बघा, फक्त तीन!” एवढ्यात कुणाची जास्त भिजणार? पट्टी लावली की घड्याळ बघा.

मग ‘तीन महिन्यांचा कोर्स’. पांढऱ्या बाटल्या, वर पानाफुलांचं स्टिकर, ‘शुद्ध वनस्पती’. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. पैसे क्यूआर कोडवरून एका माणसाच्या खात्यात, पावती नाही.

आणि थेंब लागू पडले! दुसऱ्याच दिवशी लाली गेली, टोचणं थांबलं. मी दोघीतिघींना कौतुकानं सांगितलंसुद्धा. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे, कारण गुण आल्यावर कोण कशाला शंका घेईल? पुढं थेंब चुकला की डोळे आधीपेक्षा लाल व्हायला लागले आणि कपाळ ठणकायला लागलं, तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडं गेले. डोळ्यातला दाब २८ निघाला. साधारण १० ते २१ असायला पाहिजे. डॉक्टर म्हणाल्या, बाटलीत काय आहे ते तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण लक्षणं स्टिरॉइडची वाटतात. स्टिरॉइडनं सूज आणि लाली झटक्यात उतरते. देखरेखीशिवाय घालत राहिलं तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. माझा दाब औषधानं खाली आला, नजर वाचली.

खरी तपासणी बघून मला आश्चर्यच वाटलं. आधी प्रश्न: सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का, पाळी थांबली का, तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का. मग डोळ्यात पिवळा रंग टाकून पापणी न मिटता बघायला सांगितलं. थर दहा सेकंद तरी टिकायला पाहिजे, माझा चारला फुटत होता. पट्टी पूर्ण वेळ ठेवल्यावर मात्र चांगली भिजली. म्हणजे पाणी भरपूर होतं, पण पापणीच्या कडेच्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्यामुळं ते उडून जात होतं. कोरडेपणाचा हाच प्रकार जास्त आढळतो.

उपाय ऐकून नवरा हसला. स्वच्छ कापडाचा सोसवेल असा शेक रोज पाच-दहा मिनिटं, मग पापणीच्या कडा हलक्या हातानं पुसणं, प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब, आणि स्क्रीनसमोर आठवणीनं पापण्या पूर्ण मिटणं. गुण सावकाश येतो, आणि शेक सोडला की त्रास परत डोकं वर काढतो. कुणाचं पाणीच कमी पडत असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा अश्रूंच्या छिद्रांना बारीक बूच, पण ते तज्ज्ञांनीच ठरवायचं.

शिबिरात लोक जातात यात लोकांचं काय चुकलं? दवाखान्यात नंबर लावायचा तर दिवस मोडतो. चांगली शिबिरंही होतात, पण तिथं पुढं कुठं दाखवायचं ते लिहून देतात, बाटल्यांचा खोका मांडून बसत नाहीत.

त्यांचा मोबाइल आता बंद आहे. हॉलवाल्याकडं फक्त एक नाव आहे, तेही खरं असेल असं वाटत नाही. मी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, आणि उरलेली बाटली, चिठ्ठी, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्याकडं तसली पांढरी बाटली असेल तर थेंब घालू नका, पण बाटली फेकूही नका. पुरावा तोच आहे. ती घेऊन सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडं जा आणि आधी दाब मोजून घ्या.