डेंग्यूसाठी पैसे कुठे घालायचे: धूर फवारणीत की अळ्या शोधण्यात?

जून आला की ग्रामपंचायतीत आणि सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघतोच. धुराचं मशीन आणायचं की घरोघरी पाणीसाठे तपासायला माणसं लावायची? पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर माणसं लावा, असं माझं ठाम मत आहे.

मशीन गल्लीत फिरलं की काम झाल्यासारखं वाटतं. पण धूर मारतो तो फक्त उडता डास. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो आणि एरवी घरातच दबा धरून असतो: कपाटामागे, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत. मशीनचा आवाज आला की आपण दारं-खिडक्या लावून घेतो, म्हणजे औषध बाहेर आणि डास आत. पाण्यातल्या अळ्यांना तर त्या धुराचा पत्ताही लागत नाही. आठवडा-दहा दिवसांत नवे डास हजर.

रुग्ण सापडल्यावर मात्र फवारणी हवीच. रुग्णाला चावलेला डास साधारण ८ ते १२ दिवसांनी इतरांना लागण करू शकतो आणि मरेपर्यंत करत राहतो. तो मारायचा तर रुग्णाच्या आणि शेजारच्या घरांत, आतून फवारायला हवं. रस्त्यावरून गाडी फिरवून ते होत नाही.

आता दुसरी बाजू. एडिस फार लांब उडत नाही, त्यामुळे तुम्हाला चावणारा डास बहुधा तुमच्याच आवारात जन्मलेला असतो. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, लिफ्टचा खड्डा, गच्चीवरचे टायर, झाकण नसलेली टाकी. बॅटरीचा झोत टाका: अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाशी लटकलेल्या असतात आणि पाणी हललं की वळवळत तळाला जातात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून ‘कोरड्या दिवशी’, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळे साठे रिकामे करायच्या दिवशी, भांडं घासायलाच हवं.

हे काम चिकाटीचं आहे. दर आठवड्याला करावं लागतं, लोक दार उघडत नाहीत, बंद फ्लॅट राहून जातात. आणि जिथे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तिथे बाईंना ‘पिंप रिकामं करा’ कोणत्या तोंडाने सांगणार? तिथे घट्ट झाकण किंवा कापड, वापराच्या पाण्यात आरोग्य कर्मचाऱ्याने मापात टाकलेलं टेमिफॉस हे अळ्या मारणारं औषध, विहिरीत आणि हौदात गप्पी मासे.

निकाराग्वा आणि मेक्सिकोत वस्त्यांनी स्वतः अळ्या शोधून काढल्या, तेव्हा मुलांमधली डेंग्यूची लागण सुमारे ३० टक्क्यांनी घटली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. इंडोनेशियातल्या योग्यकार्तात वोल्बाकिया जिवाणू (हा डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू वाढू देत नाही) असलेले डास सोडल्यावर डेंग्यूने रुग्णालयात भरती होणं ८६ टक्क्यांनी कमी झालं. पण तो सरकारच्या पातळीवरचा निर्णय.

माझं पारडं झुकतं ते आणखी एका कारणाने. पिंपात डोकावणारी आशाताई त्याच फेरीत ‘घरात कुणाला ताप आहे का?’ हेही विचारते. डेंग्यूचा विषाणू मारणारं औषध नाही. बहुतेक रुग्ण भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉलवर, डॉक्टरांच्या नजरेखाली घरीच बरे होतात. धोका वाढतो तो ताप उतरताना: पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती. ही लक्षणं घराघरांत आधीच माहीत असली तर ज्याला खाट हवी तोच वेळेत दवाखान्यात पोहोचतो, आणि नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याला घाबरून होणारी गर्दी टळते.

तेव्हा मशीन विकत घेऊ नका. रुग्ण निघालाच तर पालिकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवून फवारणी मागवा, आणि हातातला पैसा जून ते नोव्हेंबर दर आठवड्याच्या फेरीसाठी ठेवा.