आबाजीची मशीन: खिशातली की कानामागची?

पुतण्याचा काल फोन आला. आबाजीसाठी कानाची मशीन घ्यायची, दोन पसंत पडल्या: एक खिशातली वायरवाली, दुसरी कानामागची चार्जिंगची. माझ्या आईने दोन्ही वापरल्या, म्हणून सांगतो.

किमतीत खिशातलीच स्वस्त. तिचा पेन्सिल सेल गावच्या किराण्यातही मिळतो. कानामागची रोज चार्ज करावी लागते, आणि आमच्याकडे लाइन कधी जाईल नेम नाही. बारक्या बटनसेलवाली तर खेड्यात घेऊच नका. त्या सेलचं स्टिकर काढलं की हवा लागून तो उतरायला लागतो, मशीन बंद असली तरी.

आवाज मात्र वेगळी गोष्ट. खिशातलीचा माइक छातीवर, त्यामुळे बंडीची प्रत्येक घासणी कानात खरखरते. आई कापूस वेचायला वाकली की ‘कोण कागद फाडतं?’ म्हणायची. पण माइक कानापासून लांब, म्हणून मशीनचाच आवाज माइकमध्ये परत शिरून वाजणारी शिट्टी कमी. जास्त ऐकू न येणाऱ्याला मोठा आवाज हिच्यात स्वस्तात मिळतो. कानामागचीत बोलणं स्वच्छ येतं. घामाने मात्र बिघडते. रात्री सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्यांच्या डबीत ठेवायची.

‘आवाज गाळणारी’ वगैरे खोक्यावरचं सोडा. आधी कानातला मळ तपासा, ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी) करा. एकच कान अचानक गेला असेल तर मशीन नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

आबाजीला बरंच कमी ऐकू येतं, बोटंही थरथरतात, तर मोठ्या बटनाची खिशातलीच घे. पारावर चारचौघांत बसणाऱ्या, थोडंच कमी ऐकू येणाऱ्याला कानामागची.