पचनाचं नियंत्रण: आधी चेता वाचाव्यात की संप्रेरकं?

पचनसंस्थेचा अभ्यास नव्यानं सुरू करणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. बहुतेक जण संप्रेरकांचा (रक्तातून निरोप नेणाऱ्या हार्मोन्सचा) तक्ता पाठ करतात आणि चेतांचा (नर्व्हजचा) भाग नंतरसाठी ठेवतात. मी आधी चेता वाचायला सांगेन.

पहिला फरक वेगाचा. घास तोंडात जेमतेम काही सेकंद असतो. संप्रेरक रक्तात उतरून, हृदयातून फिरून लाळग्रंथींपर्यंत पोचायच्या आत तो गिळूनही झालेला असतो. म्हणूनच लाळेचं काम जवळजवळ पूर्णपणे चेतांकडे आहे. अन्नाच्या नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटतं, ते त्यामुळेच.

जठरात दोघांचाही हात असतो. घास तिथे पोचण्याआधीच मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत मेंदूकडून हुकूम येतो आणि आम्ल पाझरू लागतं. जेवणामुळे तयार होणाऱ्या आम्लापैकी साधारण 30 टक्के आम्ल या टप्प्यात येतं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. पुढे प्रथिनांमुळे आणि जठर ताणलं गेल्यामुळे गॅस्ट्रिन हे संप्रेरक सुटतं आणि आम्ल आणखी वाढतं. पण गॅस्ट्रिन सोडणाऱ्या पेशींना व्हेगसही चेतवते. म्हणजे चेता माहीत नसतील तर गॅस्ट्रिनही अर्धंच कळतं.

संप्रेरकांची खरी सत्ता लहान आतड्याच्या सुरुवातीला दिसते. स्वादुपिंडाचा रस केवळ चेतांच्या इशाऱ्यावर सुटतो, अशी एकेकाळी समजूत होती. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याच्या चेता तोडल्या, फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या आणि आत आम्ल सोडलं. स्वादुपिंड तरीही पाझरलं. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून, आम्लात घोटून त्याचा अर्क शिरेत टोचला. पुन्हा तोच परिणाम! त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. संप्रेरकांवरचं एकच पान वाचायचं असेल तर या प्रयोगाचं वाचा. निरोप रक्तातूनही जातो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

सिक्रेटिनमुळे स्वादुपिंडातून बायकार्बोनेट येतं आणि आम्ल शमतं. मेद आणि प्रथिनं आतड्यात उतरली की कोलेसिस्टोकायनिन सुटतं. ते पित्ताशय आकुंचित करतं, स्वादुपिंडाकडून विकरं (अन्न पचवणारी एन्झाइम्स) मागवतं आणि जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं.

मात्र हेच कोलेसिस्टोकायनिन आपलं बरंचसं काम व्हेगसच्या संवेदी टोकांना चेतवून करून घेतं. व्हेगसमधले सुमारे 80 टक्के तंतू मेंदूकडून आज्ञा आणत नाहीत, उलट पोटाची खबर मेंदूकडे नेतात. संप्रेरकांचा तक्ता आधी पाठ केला की नेमका हा दुवा हातातून निसटतो.

हालचालीच्या बाबतीत तर तुलनेला फारसा अर्थ नाही. आतड्याच्या भिंतीतच 10 कोटींहून अधिक चेतापेशींचं जाळं आहे आणि बाहेरच्या चेता तोडल्या तरी ते अन्न पुढे ढकलत राहतं. हिर्शस्प्रुंग रोगात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी जन्मतःच नसतात. तिथे मळ अडतो आणि वरचं आतडं फुगतं. रक्तातली संप्रेरकं शाबूत असूनही ही उणीव भरून काढू शकत नाहीत. याउलट गॅस्ट्रिन सोडणारी गाठ झाली तर जठरात आम्लाचा अतिरेक होतो आणि वारंवार व्रण होतात. दोन्ही आजार लागोपाठ वाचले की कोणाचा अंमल कुठवर चालतो, हे पक्कं लक्षात राहतं.

अपवाद एकच. मधुमेह किंवा वजन कमी करण्याच्या नव्या औषधांमुळे या विषयाकडे वळला असाल, तर थेट जीएलपी-1 या आतड्याच्या संप्रेरकापासून सुरुवात करा. इन्शुलिन वाढवण्याचं त्याचं काम चेतांच्या प्रकरणाशिवायही समजतं. पण त्यानं जठर सावकाश रिकामं का होतं आणि भूक का मंदावते, हे समजून घ्यायला व्हेगस आणि मेंदूकडे यावंच लागेल.