टोपिरामेट: अर्धशिशीवर गुणकारी, पण नागपूरच्या उन्हाळ्यात जपून

अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून धंतोलीतील मेंदूविकारतज्ज्ञांनी मला टोपिरामेट सुरू केले. मुळात हे औषध अपस्माराचे आहे. रात्री 25 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर आठवड्याला मात्रा वाढवत दिवसाला 100 मिलिग्रॅमपर्यंत नेण्याची त्याची नेहमीची पद्धत आहे. उठलेले डोके ते थांबवत नाही, आणि गुण येतो की नाही हे ठरवण्यासाठी साधारण दोन महिने वाट पाहावी लागते.

मला गुण आला. डोके दुखण्याचे दिवस निम्म्याहून कमी झाले आणि त्याबरोबर वेदनाशामक गोळ्याही घटल्या. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे काही महिने घेत राहिल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते, त्यामुळे या दुसऱ्या लाभाचे मोल मला पहिल्याइतकेच वाटते. नातेवाइकांच्या लग्नाला येतो असे आता बिनधास्त सांगता येते.

मात्र याची किंमत दिवसभर मोजावी लागते. बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो. एवढे सोसता येते. शिकवण्याचा व्यवसाय असणाऱ्याला ऐन तासाला नेहमीचा शब्द न आठवणे हे त्याहून फार जड जाते, आणि विद्यार्थी दयेने तो शब्द सुचवू लागले की अधिकच.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या औषधाने काहींना घाम कमी येतो व अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. लहान मुलांमध्ये हा धोका विशेष असतो. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या नवतपात भर दुपारी बाहेर पडताना ही बाब किरकोळ राहत नाही. मूतखड्याचा संभवही वाढत असल्याने पाणी भरपूर प्यावे लागते. गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांशी आधीच बोलावे. एकाएकी डोळा दुखून दिसणे अंधुक झाल्यास त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू 50 मिलिग्रॅमवर आणल्यानंतर माझे बोलणे बरेच सुधारले. डोके पूर्वीच्या 100 मिलिग्रॅमच्या काळापेक्षा थोडे अधिक उठते, पण तास नीट घेता येतो, आणि हा सौदा मला मान्य आहे.