डॉप्लर: सावरायचा फोनने की टॉवरने?

बडोद्याबाहेर बुलेट ट्रेन ताशी ३२० किलोमीटरने धावू लागली की ३.५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल हजारेक हर्ट्‌झने सरकेल; वेगामुळे वारंवारतेत होणारी ही सरक म्हणजे डॉप्लर परिणाम.

फोनने सावरायचं तर सोपं: टॉवर पाठवतो त्या, फोनला आधीच ठाऊक असलेल्या पायलट सिग्नलवरून सरक मोजायची, तेवढंच उलट फिरवायचं. टॉवर एकच असेल तर भागतं. पण रुळालगतचे दोन टॉवर एकच सिग्नल पाठवत असले, तर पुढच्याची वारंवारता वाढते, मागच्याची घटते. एकाला सावरावं, तर दुसरा दुप्पट बिघडतो.

प्रत्येक टॉवरने आधीच उलट सरक देऊन पाठवलं, तर दोन्ही फोनपाशी जुळून येतात. गोम एवढीच, की डब्यातल्या सगळ्यांचा वेग एक असतो म्हणून हे जमतं. शेजारून करजणकडे रमतगमत निघालेल्या मोटारवाल्या काकांना तीच दुरुस्ती बाधेल.

रुळांपुरतं माझं मत टॉवरला. बडोद्यातल्या अलकापुरीच्या ट्रॅफिकमध्ये फोन एकटा पुरेसा आहे.